कर्नाटकाचा पूर परिहार : इशारा भरवशाचा, पंचनामा नशिबाचा, पैसे कागदाचे

सरकारी मदतीचं परीक्षण करायचं तर तीन प्रश्न पुरतात: मिळते का, किती मिळते आणि त्यासाठी चपला किती झिजतात. बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागात, म्हणजे निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी, रायबाग, हुक्केरी, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत, कर्नाटक सरकारचा ‘परिहार’, म्हणजे आपत्तीनंतरची मदत, लोकांनी 2019, 2021 आणि 2024 च्या पुरांत चांगलाच पारखून घेतलाय. आमचं मत आधीच सांगून टाकतो. पैसे मिळतात आणि मधल्या हातांशिवाय थेट खात्यात पडतात. पण किती पडतात हे शेतात पाणी किती होतं यावर कमी, आणि मे महिन्यात तुमचे कागद कसे होते यावर जास्त ठरतं. पाणी ओसरल्यावर धावपळ करणाऱ्याच्या हाती फारसं काही उरलेलं नसतं. त्यामुळे हे सगळं पावसाळ्याच्या तोंडावर वाचलं तरच उपयोगाचं.

इशारा : 5 पैकी 4

या सेवेतला सर्वांत पक्का भाग हाच. कृष्णेचं पाणी आपल्याकडे कोयना, वारणा, राधानगरीकडून येतं, त्यामुळे पुराची खबर पाण्याच्या आधी येऊ शकते आणि बहुतेक वेळा येतेही. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते, तिथून खाली शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा, मग कर्नाटक. जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या पत्रकात राजापूर बंधाऱ्यावरचा विसर्ग आणि दूधगंगेचा विसर्ग असे दोन आकडे असतात. दोन्हींची बेरीज म्हणजे कल्लोळजवळची कृष्णा. चिक्कोडी, रायबाग, कागवाड, अथणीकरांनी पाहायचा तो हा बेरजेचा आकडा. नुसती कोयनेच्या दरवाजांवर नजर ठेवून बसलं तर दूधगंगा बाजूने येऊन गाठते. जोडीला कोल्हापूरचा राजाराम बंधारा (इशारा 39 फूट, धोका 43 फूट) आणि सांगलीचा आयर्विन पूल (40 आणि 45 फूट) पाहत राहावं. या दोन्हींची माहिती मराठीत आणि दिवसातून अनेकदा मिळते.

निपाणीकरांचं गणित वेगळं. वेदगंगेवर पाटगाव, दूधगंगेवर काळम्मावाडी ही धरणं, आणि वेदगंगा फुगली की यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूरू महामार्गच बंद. 2019 आणि 2021 दोन्ही वेळा तो बंद पडला होता. हिरण्यकेशी आंबोली-आजऱ्याच्या पावसावर चढते, संकेश्वरला त्यामुळे तयारीला वेळ कमी. गोकाकला तर हिडकलचे दरवाजे बंद असले तरी पूर येऊ शकतो, कारण हिरण्यकेशी आणि मार्कंडेय या दोन्ही नद्या धरणाच्या खाली घटप्रभेला मिळतात. ‘धरण अजून भरलं नाही’ या भरवशावर तिथे दुकानातला माल खाली ठेवू नये. खानापूरला वरच्या धरणाचा प्रश्नच नाही. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, तिथे कोसळलं की खाली नदी फुगली. (अलमट्टीमुळे पूर येतो की नाही, हा वाद दोन्ही राज्यांना पुरून उरलेला आहे. इथे तो नको.)

राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायतीपर्यंत पोचलेली आहेत, ही कर्नाटकाची खरी कमाई. त्यांची ‘वरुणमित्र’ ही सेवा 92433 45433 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. गाव, होबळी (तालुक्याखालचा महसूल विभाग) आणि तालुका सांगितला की तिथल्या पावसाचा अंदाज मिळतो. संभाषण कन्नडमध्ये होतं, तेव्हा होबळीचं नाव आधी पाहून ठेवावं. मराठीतून सूचना हव्या असतील तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापनाचं ‘सचेत’ ॲप आणि विजेसाठी ‘दामिनी’ फोनमध्ये असू द्यावं.

एक गुण कापला तो पुलांसाठी. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे खालच्या पातळीचे पूल-बंधारे पहिल्या फेरीतच बुडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी बॅरिकेड लागतं ते पाणी पुलावर आल्यानंतर. गुडघाभरच दिसतंय म्हणून दुचाकी घालणारे दर पावसाळ्यात निघतात, आणि बहुतेक ठिकाणी धड कठडा नसल्यामुळे पाण्याखाली कडा कुठे संपते ते कळत नाही.

काळजी केंद्र : 5 पैकी 3

निवारा केंद्राला इथे काळजी केंद्रच म्हणतात. शाळा, मंगल कार्यालय, समुदाय भवन अशी जागा. दोन वेळचं जेवण, पाणी, औषधाची सोय बरी असते. स्वच्छतागृहं माणसांच्या मानाने कमी पडतात आणि जनावरांची सोय सगळीकडे असतेच असं नाही. केंद्रात पोचल्यावर नोंदवहीत कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव चढवून घ्या. पुढे ‘घर बुडालं होतं का’ हा प्रश्न निघतो तेव्हा ही नोंद कामाला येते. पाहुण्यांकडे जाणाऱ्यांची नावं कुठेच चढत नाहीत. त्यांनी निघण्याआधी गावच्या तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम प्रशासन अधिकाऱ्याला, निदान लेखी कळवून त्याची प्रत जवळ ठेवावी.

घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर केंद्राच्या 2022-26 च्या निकषाप्रमाणे कपड्यांसाठी 2,500 आणि भांडीकुंडी-संसारासाठी 2,500 असे कुटुंबामागे 5,000 रुपये. 2019 मध्ये हाच आकडा 3,800 होता आणि राज्याने आपले 6,200 घालून 10,000 केला होता. ही रक्कम राहणाऱ्या कुटुंबाला मिळते, घरमालकाला नाही. भाडेकरूंनी मागे राहू नये. अडचण होते ती एका घरात दोन चुली आणि रेशनकार्ड मात्र एकच असतं तिथे. सहसा कुटुंब एकच धरलं जातं. वेगळं कार्ड काढायचं असेल तर ते पुराआधी.

शेती : दर बरे, पंचनामा बेभरवशाचा

केंद्राचे 2022-26 साठीचे दर असे: कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500. नुकसान 33 टक्के किंवा जास्त हवं आणि मदत जास्तीत जास्त 2 हेक्टरपर्यंत. आपल्याकडे हेक्टरात कोणी बोलत नाही, म्हणून मोडून सांगतो. हेक्टर म्हणजे जवळपास 99 गुंठे. बागायतीचा दर एकरी सुमारे 6,880, म्हणजे गुंठ्याला 172 रुपये. कोरडवाहू गुंठ्याला 86. वीस गुंठे सोयाबीन गेलं तर 1,720 रुपये. ऊस बुडाला आणि शेंड्यात पाणी शिरून कुजला, तर एकराला मिळणाऱ्या सात हजारांत बियाणं आणि लागणीची मजुरीसुद्धा निघत नाही. निकषातच याला ‘निविष्ठा अनुदान’ म्हटलंय, भरपाई नाही. अपेक्षा तेवढीच ठेवलेली बरी.

वर राज्य किती घालतं हे दर वेळी वेगळं. 2019 मध्ये हेक्टरी 10,000 जादा दिले. 2021 मध्ये कोरडवाहू 13,600, बागायती 25,000 आणि फळबाग-बहुवार्षिक 28,000 असा दर केला. 2025 च्या सप्टेंबरअखेर 8,500 जादा जाहीर झाले. म्हणजे कोरडवाहू 17,000, बागायती 25,500, बहुवार्षिक 31,000. अधल्यामधल्या छोट्या पुरात, जिथे बेंगळूरूचं हेलिकॉप्टर येत नाही, तिथे साधा केंद्राचा दर. त्याच नदीचं, त्याच शेतातलं पाणी. पण पूर गाजला तर दर चढा. हा दोष मोठा आहे, आणि अधिकाऱ्यांच्या नव्हे तर धोरणाच्या पातळीवरचा आहे.

आता पैसे कुठे अडतात ते. सगळा कारभार ‘परिहार’ या संगणक प्रणालीवर चालतो आणि ती शेतकऱ्याला एफआयडी या क्रमांकाने ओळखते. हा क्रमांक बहुतेकांनी पीएम किसानच्या वेळी काढलेला असतो, आणि तेव्हा एकच सर्वे नंबर घातलेला असतो. जो गट एफआयडीत नाही त्याचे पैसे नाहीत, मग तिथे पुरुषभर पाणी का असेना. मे महिन्यात रयत संपर्क केंद्रात (शेतीखात्याच्या होबळीतल्या कार्यालयात) सगळे उतारे घेऊन जा आणि एकेक सर्वे नंबर, हिस्सा आणि क्षेत्र पडद्यावर पाहून जुळवा. ‘झालंय बघा’ ऐकून परत येऊ नका. यादीची प्रिंट मागा.

दुसरी गाठ पिकाची. हंगामात गावातलाच कोणी नेमलेला माणूस ॲपवर पीक नोंदवतो. तो बांधावरून बघून गेला की सोयाबीनच्या जागी ऊस आणि भुईमुगाच्या जागी पड होऊ शकतं. ‘बेळे दर्शक’ ॲपवर सर्वे नंबर टाकून आपल्या शेताची नोंद आणि फोटो पाहता येतो आणि हरकतही तिथेच घेता येते. हे काम पूर येण्याआधी. पंचनाम्यात ऊस आणि पीक नोंदीत सोयाबीन असेल तर प्रणाली ते प्रकरण बाजूला टाकते, आणि मग महसूल म्हणतं शेतीखात्याकडे जा, शेतीखातं म्हणतं महसूलकडे.

तिसरी, सर्वांत चिवट: उताऱ्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव. मयताच्या नावे एफआयडी निघत नाही, त्यामुळे परिहारही नाही. वारसा लावून घ्या. सामाईक उतारा असेल तर नावाप्रमाणे क्षेत्र फोडून घेतलेलं असावं. नाहीतर चार भावांपैकी ज्याची एफआयडी आहे त्याच्या खात्यात जातं आणि पुढचं भांडण घरात होतं. वाटेकऱ्याला, फाळ्याने करणाऱ्याला या योजनेत जागाच नाही. पैसे उताऱ्यावरच्या मालकाचे. कसणाऱ्याने मालकाशी पुराच्या पैशाचं काय ते पेरणीआधी बोलून, जमलं तर लिहून ठेवावं.

पंचनाम्याच्या दिवशी शेतात हजर असणं हाच खरा उपाय. महसूल आणि शेती (फळबाग असेल तर बागायत) खात्याचे लोक एकत्र येतात. नुकसान 30 टक्के की 35, हे डोळ्यांनी ठरतं, आणि त्या पाच टक्क्यांत सगळं येतं की सगळं जातं. रस्त्याकडेचा ऊस उभा असतो, आतला ओढ्याकडचा आडवा. त्यांना आत न्या. पाणी ओसरल्यावर लगेच फिरवलेलं शेत पंचनाम्यात हिरवं किंवा मोकळं दिसतं. बळ्ळारी नाल्याकाठी, येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या भातशेतीत हे हमखास होतं: पाणी उतरलं की लोक पुन्हा लागण करतात, कारण हंगाम थांबत नाही, आणि नंतर येणाऱ्याला उभं भात दिसतं. पुन्हा लागण करायचीच आहे तर आधी तारीख आणि ठिकाण उमटणाऱ्या कॅमेरा ॲपने फोटो घ्या, तलाठ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग खुशाल चिखलणी करा.

गाळाचं कलम लोकांना माहीतच नसतं. शेतावर 3 इंचांहून जास्त वाळू-गाळ बसला तर काढण्यासाठी हेक्टरी 18,000. पिकाच्या पैशांपेक्षा हे वेगळं, म्हणून वेगळं मागावं लागतं. माप दाखवायचं ते असं: शेताच्या चार-पाच ठिकाणी खुरप्याने जुनी काळी जमीन लागेपर्यंत सरळ उभा काप घ्या. वरचा पिवळसर थर आणि खालची काळी यांची रेघ स्पष्ट दिसते. तिथे पोलादी टेप उभी धरून, मागे विहीर, विजेचा खांब किंवा झाड येईल असा फोटो घ्या. नुसत्या गाळाचा फोटो कोणत्याही नदीकाठचा असू शकतो. रकमेचा हिशोब मात्र हसू आणणारा आहे. एका एकरावर तीन इंच म्हणजे 10,890 घनफूट, जवळपास 109 ब्रास. एकरी 7,285 रुपयांनी ब्रासला 67 रुपये पडतात. यात जेसीबीने उचलून ट्रॅक्टरने बाहेर टाकणं होत नाही. पोयटा असेल तर नांगरून मिसळावा, वाळू असेल तरच काढावी, आणि पैसे त्यासाठी वापरावेत. नदीने काठ कापून जमीनच नेली असेल तर हेक्टरी 47,000, पण ते फक्त अल्प आणि अत्यल्प भूधारकांना.

पीकविमा ही वेगळी गोष्ट. परिहार मिळाला म्हणून विमा थांबत नाही. स्थानिक आपत्तीची खबर 72 तासांच्या आत द्यावी लागते. 14447 वर किंवा विमा ॲपवर. तलाठ्याला सांगितलं म्हणजे विमा कंपनीला कळलं असं होत नाही, आणि खूप जणांचं इथेच हुकतं. भाताला शेतात तुंबलेल्या पाण्याचं संरक्षण 2018 मध्ये काढलं होतं. ते 2026 च्या खरिपापासून परत देण्याचं केंद्राने जाहीर केलंय. खानापूर-बेळगावकडच्या भातवाल्यांनी विमा भरताना हे विचारून घ्यावं.

घर : कोणत्या साली पडलं त्यावर

घराला गुण द्यायचे तर साल विचारावं लागतं. 2019 च्या पुरानंतर राज्याने तीन गट केले. 75 टक्क्यांवर नुकसान असेल तर ‘अ’, 5 लाख. 25 ते 75 टक्के ‘ब’. पाडून नवीन बांधायचं तर 5 लाख, दुरुस्तीला 3 लाख. 15 ते 25 टक्के ‘क’, 50,000. देशात कुठल्याच राज्याने सहज दिला नसता असा हा दर होता, आणि तो पुढची दोन-तीन वर्षं चालला. नंतर सरकार बदललं आणि हिशोब पुन्हा केंद्राच्या निकषावर आला: पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000, लागून असलेल्या गोठ्याला 3,000. पूर्ण पडलेल्यांना वर गृहयोजनेतून घर देण्याची घोषणा झाली. पण घोषणा आणि पाया यांत अंतर असतं, तेव्हा मागणी ग्रामपंचायतीत लेखी नोंदवून ठेवावी.

चढ्या दराच्या काळातही सगळं सुरळीत नव्हतं. ‘क’ आणि ‘ब’ यांच्यात निदान अडीच लाखांचा फरक, आणि तो पंचायतीचा अभियंता, तलाठी आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) यांच्या एका भेटीत ठरणारा. ज्याची भिंत भेटीनंतर पडली तो ‘क’मध्येच राहिला. इथे मातीच्या घराचा स्वभाव समजून घ्यायला हवा. पाण्यात असताना मातीची भिंत उभी राहते. पाणी उतरून ऊन पडलं, पाया वाळायला लागला की ती फाकते. नदीचा पूर नसला तरी सलग पावसात हेच होतं. ऑक्टोबर 2021 मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगीत भिजलेली भिंत कोसळून सात जणांचा जीव गेला. जिथे ओलीची रेघ जमिनीपासून हातभर वर दिसते आणि कोपऱ्यात उभी भेग आहे, तिथे झोपायचं नाही, सर्वे होवो न होवो. आणि सर्वेनंतर पडझड झाली तर त्याच आठवड्यात फेरसर्वेचा अर्ज तहशीलदार कार्यालयात द्या. सोबत आधीचा आणि नंतरचा, एकाच जागेवरून घेतलेला फोटो.

ढिगारा सर्वेआधी उचलू नका. उचलावाच लागला, वाट अडली म्हणून, तर चारही भिंती, छपराचे वासे आणि आतलं सामान वेगवेगळं टिपून घ्या. दारावरचा घर क्रमांक एका फोटोत यायलाच हवा. कागदाच्या बाजूने घराचा ई-स्वत्तू (ग्रामपंचायतीचा मालमत्ता) उतारा आणि घरपट्टीची पावती. गायरानातली, नदीकाठची विनाउताऱ्याची घरं इथे अडकतात. आणि मोठी मदत हप्त्याने येते: पाया, लिंटल, छत अशा प्रत्येक टप्प्याला त्या जागेवरूनच फोटो चढतो. मूळ जागा पूररेषेत आहे म्हणून दुसरीकडे बांधणाऱ्याने आधी लेखी मंजुरी घेतली नाही, तर फोटो जुळत नाही आणि पुढचा हप्ता थांबतो. पहिला हप्ता घेऊन पायाच न घातलेल्यांची नावंही अशीच लटकलेली राहिली.

जनावरं, मोटारी, दुकानं

दुभती म्हैस किंवा गाय 37,500, बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000. कोंबडीला 100 रुपये. मोठी दुभती जनावरं तीनपर्यंतच. पशुवैद्यांचा शवविच्छेदन दाखला लागतो, म्हणून मेलेलं जनावर लगेच पुरू नका. 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर कळवा. वाहून गेलेल्याचा पुरावा कसा देणार, तर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याने. बारा अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवलेला असेल तर ते जनावर तुमच्याकडे होतं हे दाखवता येतं. या पैशांत बाजारात दुभती म्हैस येत नाही, हा भाग निराळा.

कृष्णाकाठी सर्वांत मोठं नुकसान मोटारींचं होतं, आणि केंद्राच्या यादीत मोटार, स्टार्टर, केबल, पाइपलाइन यांपैकी काहीच नाही. राजापूरचा आकडा चढू लागला की मोटारी ओढून वर घेणं, एवढाच विमा. दुकानदारांचंही तसंच. कारागिराला हत्यारांसाठी 5,000 आणि कच्च्या-पक्क्या मालासाठी 5,000 मिळतात, पण किराणा-कापडवाल्याला या निकषात जागा नाही. 2019 मध्ये गोकाकच्या बाजारात पाणी शिरलं तेव्हा व्यापाऱ्यांना हे कळून चुकलं. दुकानाच्या विम्यात पुराचं कलम आहे का, ते पॉलिसीत वाचूनच पहा.

माणूस गेला तर वारसांना केंद्राच्या निकषाचे 4 लाख आणि राज्याचा 1 लाख, असे 5 लाख. शवविच्छेदन अहवाल आणि पोलिसांची नोंद अत्यावश्यक. वीज पडून मृत्यू झाला तरी.

घर इकडे, शेत तिकडे

सीमाभागातली खास अडचण. राहणं निपाणीत आणि जमीन कागलला, किंवा घर कागवाडला आणि मळा शिरोळ तालुक्यात. नियम सोपा: जमीन ज्या राज्यात त्या राज्याची शेतीमदत, घर ज्या राज्यात तिथली घराची. पण कर्नाटकाची एफआयडी पलीकडे चालत नाही. तिकडे ॲग्रिस्टॅक या शेतकरी नोंदणीतला ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी लागते. पंचनाम्यानंतर यादीत विशिष्ट क्रमांक येतो आणि आपले सरकार केंद्रात ई-केवायसी करावी लागते, ॲग्रिस्टॅकची नोंद पक्की असेल तर 2025 मध्ये ती माफ होती. कर्नाटकात ही पायरी नाही, हे कर्नाटकाच्या बाजूने. उलट 2025 च्या पॅकेजात महाराष्ट्राने मर्यादा 3 हेक्टर केली, इकडे ती 2 च. दोन्हीकडे आधार एकच आणि बँक खातंही एकच ठेवा. दोन राज्यांसाठी दोन खाती काढून घोळ वाढतो.

भाषा आणि अडकलेले पैसे

फॉर्म, याद्या, संदेश सगळं कन्नडमध्ये. जिथे मराठी बोलणारे एवढ्या संख्येने आहेत तिथे निदान पूर-पत्रक आणि लाभार्थी यादी मराठीत लावणं प्रशासनाला जड नाही; निवडणुकीच्या वेळी मराठी सहज सुचतं. तोवर हे शब्द डोळ्यांखालून घातलेले असू द्या: पूर म्हणजे प्रवाह, पीक बेळे, घर मने, खरीप मुंगारु, रब्बी हिंगारु, दुष्काळ बर. नावाचं लेखन हा याच दुखण्याचा दुसरा भाग. आधारवर एक, कन्नड उताऱ्यावर दुसरं, पासबुकावर तिसरं. ‘पाटील’ला त्रास कमी, ‘घोरपडे’, ‘भोसले’ यांना जास्त. एफआयडी काढतानाच तिन्ही कागद शेजारी ठेवून जुळवा.

यादीत नाव आहे आणि पैसे नाहीत, असं झालं तर ‘भूमी’ या कर्नाटकाच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर परिहाराच्या पानावर जा. वर्ष, हंगाम, आपत्तीचा प्रकार निवडून आधार क्रमांक टाकला की किती रक्कम, कोणत्या बँकेत, कधी, ते दिसतं. ‘जमा’ दिसतं आणि पासबुकात नाही, तर ते पैसे बहुधा आधारला शेवटी जोडलेल्या दुसऱ्याच खात्यात गेलेले असतात. गॅसच्या अनुदानासाठी किंवा मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत कधीतरी उघडलेल्या. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ तपासलं की बँक कोणती ते कळतं. पानावर ‘अयशस्वी’ असेल तर खातं बंद पडलेलं किंवा केवायसी थकलेलं; बँकेत जाऊन चालू केलं की रक्कम पुढच्या फेरीत पुन्हा येते, पण तलाठ्याला कळवल्याशिवाय नाही. नावच नसेल तर नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कार्यालयात) किंवा तहशीलदारांकडे अर्ज, पोच घेऊनच, आणि दोन आठवड्यांत हालचाल नसेल तर 1902 वर राज्याच्या जनस्पंदन केंद्रात तक्रार. तक्रार सांगताना गाव, सर्वे नंबर, एफआयडी आणि आधीच्या अर्जाची पोच क्रमांकासह सांगा. नुसतं ‘पुराचे पैसे मिळाले नाहीत’ अशी तक्रार ‘संबंधित खात्याकडे पाठवली’ एवढ्यावर बंद होते.